प्लेटो (संगणकीय अध्यापन प्रणाली)

प्लेटो : उच्च शिक्षणात परस्परसंवादी संगणकीय पाठ मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या आद्य प्रणालींपैकी एक. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात (अर्बाना-शँपेन) १९६० पासून ती विकसित होत गेली.

तिच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. श्रेय बहुधा विद्युत् अभियंता डोनल्ड बिट्झर यांना दिले जाते. तथापि संगणकाकडून अध्यापन करून घेण्याची सूचना भौतिकीविज्ञ चामर्स शेर्विन यांची होती. विद्यापीठातील एका प्रयोगशाळेचे संचालक डॅनियल आल्पर्ट यांनी तीवर विचार करण्यासाठी अभियंते, मानसशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ यांची समिती नेमली. समितीत एकमत होईना, तेव्हा हाताशी असलेल्या सामग्रीतून प्रात्यक्षिक उभे करण्याची तयारी तरुण बिट्झर यांनी दाखवली आणि इलियाक-१ या संगणकावर एका वेळी एकच विद्यार्थी शिकू शकेल अशी पहिली आवृत्ती चालू झाली. कल्पना शेर्विन यांची, पाठबळ आल्पर्ट यांचे व रचना बिट्झर यांची, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. काही अभ्यासक हा उगम मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी (१९२० चे दशक) व बी. एफ. स्किनर (१९५० चे दशक) यांच्या अध्यापनयंत्रांपर्यंत मागे नेतात. वैचारिक नाते मान्य केले, तरी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले उत्तर तपासणे त्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे होते.

प्लेटोमध्ये ते शक्य झाले ते मुख्यतः ट्यूटर या आज्ञाभाषेमुळे. पॉल टेंझर यांनी ती १९६७ च्या सुमारास तयार केली. संगणकशास्त्र न शिकलेल्या प्राध्यापकालाही आपल्या विषयाचा पाठ रचता यावा, हा तिचा हेतू होता. पाठ रचणारा अपेक्षित शब्द, चालतील असे पर्यायी शब्द आणि दुर्लक्ष करण्याजोगे शब्द नोंदवून ठेवी. विद्यार्थ्याच्या वाक्यात शुद्धलेखनाची चूक असेल तर त्या शब्दाखाली दुहेरी रेघ उमटे, चुकीच्या शब्दावर फुल्या पडत, आणि शब्द राहून गेला असेल तर तिथे छोटा त्रिकोण दिसे. नुसते ‘चूक’ न म्हणता चूक कुठे आहे हे तत्क्षणी दाखवणे, हे या प्रणालीचे खरे वैशिष्ट्य होय. अडल्यास ‘हेल्प’ ही कळ दाबून विद्यार्थी मदतीच्या उपपाठात जाई व तिथून मूळ जागी परते.

चौथी आवृत्ती १९७२ च्या सुमारास वापरात आली. तिच्या पटलावर ५१२ × ५१२ नारिंगी ठिपके होते व बोट टेकवून उत्तर देता येई. हे प्लाझ्मा पटल बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये शोधले. उजळलेला ठिपका स्वतःच उजळ राहत असल्याने चित्र टिकवण्यासाठी वेगळी स्मृती लागत नसे, त्यामुळे साध्या दूरध्वनी तारेवरून पाठ पाठवणे परवडे. एका मध्यवर्ती संगणकाला सुमारे ४,००० टर्मिनले (विद्यार्थ्यासमोरचे पटल व कळफलक) जोडण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात इलिनॉयमधील जाळे साधारण एक हजारापर्यंत गेले.

पदवी अभ्यासक्रमांपैकी रसायनशास्त्रातील वापर विशेष उल्लेखनीय आहे. स्टॅन्ली स्मिथ यांच्या कार्बनी रसायनशास्त्राच्या पाठांत भागशः ऊर्ध्वपातनाचा (वेगवेगळ्या तापमानाला उकळणारे द्रव वेगळे करण्याचा) प्रयोग पटलावर करता येई. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी असा सराव झाला, की उपकरणाशी झटापट करण्यात तास वाया जात नाही. आनुवंशिकीच्या पाठात विद्यार्थी फळमाश्यांचा संकर घडवून संततीची लक्षणे मोजत.

प्रादेशिक महाविद्यालयांतील वापराचे मूल्यमापन एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने १९७० च्या दशकात केले. विद्यार्थी व अध्यापक यांची मते अनुकूल होती, पण गुणांत सातत्याने वाढ आढळली नाही. या निष्कर्षावरून प्रणाली निष्फळ ठरवणे घाईचे होईल, कारण पाठांचा दर्जा व ते तासांत बसवण्याची रीत महाविद्यालयागणिक वेगळी होती.

प्लेटोचे व्यापारी हक्क १९७६ मध्ये कंट्रोल डेटा या संगणक बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. प्लेटोच्या इलिनॉय विद्यापीठातील शाखेतून निघालेली नोव्हानेट ही प्रणाली २०१५ मध्ये बंद झाली. प्लेटोवर भौतिकीचे पाठ रचणारे ब्रूस शेरवुड पुढे व्हीपायथन या त्रिमितीय आलेखन-साधनाच्या विकासात सहभागी झाले. पदवीच्या भौतिकी वर्गांत विद्यार्थी त्यात भौतिक घटनांची स्वतःची संगणकीय प्रतिरूपे लिहितात.