नकाराचे कारण आणि निर्णयाचे कारण

माझ्या परिचयातील एका सॉफ्टवेअर अभियंता तरुणीला अलीकडे एका कंपनीकडून नकाराचा ईमेल आला. त्यात दोन वाक्यांचा अभिप्राय होता. मोठ्या टीमसोबत काम केल्याचा अनुभव कमी वाटला आणि डेटाबेसविषयीची उत्तरे नेमकी नव्हती, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात मुलाखतीचा बराचसा वेळ ती स्वतःची टीम कशी सांभाळते हे सांगण्यातच गेला होता आणि डेटाबेसवर तिला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. अशा वेळी उमेदवाराला दोनच शक्यता दिसतात : एक तर कंपनी धडधडीत खोटे बोलत आहे, किंवा आपल्याला जे आठवते तेच चुकीचे आहे. तिसरी शक्यता मात्र सहसा कोणाला सुचत नाही. अभिप्राय देणारा प्रामाणिक असू शकतो, आपण सांगत असलेल्या कारणावर त्याचा पूर्ण विश्वासही असू शकतो, आणि तरीही त्या कारणाचा निर्णयाशी काही संबंध नसू शकतो. मानसशास्त्रात या शक्यतेचा जवळजवळ पन्नास वर्षे प्रायोगिक अभ्यास झाला आहे आणि मुलाखतीत नाकारल्या गेलेल्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

अभिप्राय चुकण्याची साधी कारणेही असतात. मुलाखत घेणारे वेगळे आणि ईमेल लिहिणारे एचआरमधले वेगळे असतात, दोन उमेदवारांच्या नोंदींची सरमिसळ होते, पद आतल्या माणसाने भरले जाते किंवा त्यासाठीचा निधीच गोठवला जातो आणि तसे स्पष्ट सांगता येत नाही म्हणून काहीतरी गुळमुळीत लिहिले जाते. ही कारणे खरी आहेत, पण ती समजायला विज्ञान लागत नाही. प्रामाणिक माणसाने दिलेला चुकीचा अभिप्राय समजायला मात्र ते लागते.

त्याची सुरुवात मेंदूपासून करावी लागेल. आपल्या मेंदूचे दोन गोलार्ध मज्जातंतूंच्या एका जाड पट्ट्याने जोडलेले असतात. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारावर उपाय म्हणून काही रुग्णांमध्ये हा पट्टा शस्त्रक्रियेने कापला जात असे. अशा एका रुग्णावर मायकेल गॅझॅनिगा आणि जोसेफ लेडू यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. दृष्टीच्या उजव्या बाजूची माहिती डाव्या गोलार्धाकडे जाते आणि डाव्या बाजूची उजव्या गोलार्धाकडे, हे शाळेत शिकलेले इथे उपयोगी पडेल. रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीच्या पायाचे चित्र क्षणभर दाखवले गेले आणि त्याच वेळी उजव्या गोलार्धाला बर्फाने झाकलेल्या घराचे. मग समोर मांडलेल्या चित्रांतून जुळणारी चित्रे निवडायला सांगितल्यावर त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडे. फावडे बर्फ उपसण्यासाठी, हे उघड आहे. पण बोलण्याची क्षमता ज्या डाव्या गोलार्धाकडे होती, त्याने बर्फ पाहिलेच नव्हते. त्याला फक्त आपला डावा हात फावड्याकडे बोट दाखवताना दिसत होता. फावडे का निवडले, असे विचारताच रुग्णाने सहज उत्तर दिले, की कोंबडीचा पाय कोंबडीशी जुळतो आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते.

हा माणूस खोटे बोलत नव्हता. ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याची वेळ आपल्यावर आली आहे, याचीच त्याला जाणीव नव्हती. हाताशी असलेल्या माहितीतून पटण्याजोगे कारण तयार करणारी ही यंत्रणा म्हणजे डाव्या गोलार्धातला भाष्यकार होय, अशी मांडणी गॅझॅनिगांनी केली. निर्णय एका ठिकाणी होतो, स्पष्टीकरण दुसऱ्या ठिकाणी तयार होते आणि स्पष्टीकरण देणाऱ्याला मात्र आपण निर्णयाच्या वेळी हजर होतो असेच वाटत राहते.

हा शस्त्रक्रिया झालेल्या मेंदूचा प्रकार आहे, धडधाकट माणसाचे असे होत नाही, अशी शंका कोणी घेईल. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी तिचे उत्तर दिले. त्यांनी एका दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून त्यांतला सर्वांत चांगला कोणता, असे ग्राहकांना विचारले. चारही जोड तंतोतंत एकसारखे होते. तरीही सर्वांत उजवीकडच्या जोडाला सर्वांत डावीकडच्या जोडापेक्षा सुमारे तिपटीहून अधिक पसंती मिळाली. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत आणि तलमपणा यांविषयी सांगितले. जोडाच्या जागेचा उल्लेख कोणीही आपणहून केला नाही, आणि तसे सुचवल्यावर जवळजवळ सर्वांनी ते साफ नाकारले.

माझ्या मते यापुढचा प्रयोग सर्वांत देखणा आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील पेटर योहानसन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीला दोन स्त्रियांची छायाचित्रे दाखवून अधिक आकर्षक वाटणारी निवडायला सांगितले जाई. निवडलेले छायाचित्र तिच्या हातात देऊन निवडीचे कारण विचारले जाई. मात्र काही वेळा संशोधक जादूगाराच्या हातचलाखीने न निवडलेले छायाचित्र तिच्या हातात ठेवत. अशा सुमारे तीन-चतुर्थांश अदलाबदली कोणाच्याच लक्षात आल्या नाहीत. लोक हातातल्या, म्हणजे आपण नाकारलेल्या चेहऱ्याकडे पाहून तो का निवडला याची कारणे देत राहिले. एकाने कानातले आवडल्याचे सांगितले, पण त्याने मुळात निवडलेल्या स्त्रीच्या कानात काहीच नव्हते. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. खऱ्या निवडीची कारणे आणि अदलाबदलीनंतरची कारणे शेजारी ठेवून तपासली, तेव्हा भावनेची तीव्रता, तपशील आणि खात्री यांत संशोधकांना म्हणावा असा फरक सापडला नाही. म्हणजे कारण किती ठामपणे किंवा किती तपशीलवार सांगितले आहे, यावरून ते खरे की नंतर रचलेले, हे ओळखता येत नाही. नकाराच्या ईमेलमधली वाक्ये वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता मुलाखतीच्या खोलीकडे येऊ. एरिक उल्मान आणि जेफ्री कोहेन यांनी २००५ मध्ये पोलीसप्रमुखाच्या पदासाठी एक काल्पनिक निवड घडवून आणली. एका अर्जात अनुभवाने तावूनसुलाखून निघालेला उमेदवार होता आणि दुसऱ्यात उच्चशिक्षित उमेदवार होता. कोणता अर्ज पुरुषाचा आणि कोणता स्त्रीचा, हे आलटूनपालटून बदलले जाई. निवड करणाऱ्यांनी पुरुष उमेदवाराकडे जे होते त्यालाच अधिक महत्त्व देण्याकडे कल दाखवला. पुरुष शिकलेला असला, की शिक्षणाचे वजन वाढत असे. आपण पक्षपात करत आहोत असे त्यांना वाटत नव्हते, कारण त्यांच्या हाती एक निकष होता. फक्त तो निकष उमेदवार पाहिल्यानंतर ठरला होता. उमेदवार पाहण्यापूर्वीच निकषांचे महत्त्व ठरवायला लावले, तेव्हा हा भेदभाव नाहीसा झाला.

जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नेट पीटरसन यांच्या २०१३ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या परीक्षेतील गुणांचे भाकीत केले. काही मुलाखतींत उत्तरे देणारा एका ठरलेल्या पद्धतीने, प्रश्नाच्या अर्थाशी संबंध न ठेवता, हो किंवा नाही म्हणत होता. मुलाखत घेणाऱ्यांना काहीच खटकले नाही. समोरच्याची ओळख पटल्याची भावना अशा मुलाखतींतही तितकीच पक्की होती. शिवाय, केवळ आधीचे गुण पाहून केलेली भाकिते मुलाखतीनंतरच्या भाकितांपेक्षा अचूक ठरली.

यापुढे थोडे गणित आहे. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी भरतीविषयक संशोधनाची फेरमांडणी केली. तीत सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या मोजपट्टीने गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.४२ आला, तर मनाला येईल तसे प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा ०.१९. सहसंबंधाचा वर्ग केला, की कामगिरीतल्या फरकाचा किती भाग मुलाखतीतून कळतो हे समजते. तो अनुक्रमे सुमारे १८ आणि ४ टक्के येतो. पण ही झाली एकूण निर्णयाची गोष्ट. अभिप्राय त्याच्याही पुढे जातो आणि ‘तांत्रिक बाजू चांगली, संवादकौशल्य कमी’ अशी फोड करून सांगतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवले होते, की वरिष्ठ अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी गुण देतात तेव्हा ते सारे आकडे एकमेकांशी नको इतके जुळतात, कारण एकूण छाप सगळीकडे झिरपलेली असते. आता समजा, तांत्रिक बाजू आणि संवाद या दोन्ही गुणांकनांची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजले तर तसेच उत्तर येण्याचे प्रमाण, प्रत्येकी ०.७ आहे आणि त्यांचा आपसांतील सहसंबंध ०.६ आहे. दोन गुणांकनांतील फरकाची विश्वसनीयता काढण्यासाठी ०.७ मधून ०.६ वजा करून त्या उत्तराला १ उणे ०.६ ने, म्हणजे ०.४ ने, भागायचे. उत्तर येते ०.२५. दोन्ही मापे स्वतंत्रपणे पाहिली तर बरी आहेत, पण त्यांच्यातील फरकाचा तीन-चतुर्थांश भाग निव्वळ मापनदोष आहे. ‘हे चांगले, ते कमी’ असा अभिप्राय नेमक्या याच फरकावर उभा असतो.

अशा नकारानंतर घरातली मोठी माणसे पत्रिका दाखवायला सांगतात, कोणी सही बदलायचा सल्ला देतो, तर कोणी हस्ताक्षरावरून व्यक्तिमत्त्व ओळखणाऱ्याकडे पाठवतो. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून ती हुशार मुलाची की मतिमंद मुलाची हे सांगितले. त्यांची सरासरी अचूक उत्तरे ४६ टक्के होती, आणि नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्क्यांची अपेक्षा धरता आली असती. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांच्या १९९८ च्या आढाव्यात हस्ताक्षरपरीक्षणाचा कामगिरीशी सहसंबंध ०.०२, म्हणजे शून्यातच जमा होता. अभिप्रायातील चूक तपासण्याचा मार्ग या दिशेने जात नाही. नोकरीच्या मुलाखतीत नजरेवरून प्रामाणिकपणा आणि हात मिळवण्याच्या पद्धतीवरून नेतृत्व ओळखल्याचा दावा करणाऱ्यांनाही हाच हिशेब लावला पाहिजे.

तपासणीची सुरुवात उमेदवाराने स्वतःपासून करायला हवी, कारण भाष्यकार त्याच्याही डोक्यात आहे. नकार कळल्यावर मुलाखतीची आठवण त्या नकाराशी जुळवून घेतली जाते. म्हणून मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी, निकाल कळण्यापूर्वी, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे क्रमाने लिहून ठेवावीत. वर सांगितलेल्या तरुणीकडे अशी नोंद असल्यामुळेच डेटाबेसचा प्रश्न नव्हता हे ती खात्रीने सांगू शकली. नोंदीचे मोल आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ओळखले होते. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांच्या अजय हासिया खटल्यात १९८१ मध्ये न्यायालयाने दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला एकतृतीयांश गुण देणे मनमानी ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असे सुचवले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या.

मग अभिप्रायातील विधाने वेगळी करावीत. ‘डेटाबेसचे उत्तर नेमके नव्हते’ हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे आणि ते नोंदीवर तपासता येते. ‘आत्मविश्वास कमी वाटला’ ही छाप आहे आणि एका मुलाखतीवरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. पण एकमेकांशी संपर्क नसलेल्या तीन-चार कंपन्यांनी तीच छाप नोंदवली, तर तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे, कारण स्वतंत्र चुका सहसा एकाच दिशेने होत नाहीत. अभिप्रायाचा रोख कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये आधीच्या अभ्यासांतील ६०७ परिणामांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरीने अभिप्रायामुळे कामगिरी सुधारली, पण एकतृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती खालावली, आणि लक्ष कामावरून हटून स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाकडे वळते तेव्हा अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

वस्तुस्थितीची चूक असेल तर कंपनीला थोडक्यात कळवावे. निर्णय बदलून घेण्यासाठी वाद घालू नये, पण नोंद दुरुस्त होणे योग्य असते, कारण त्याच कंपनीत पुढे पुन्हा अर्ज केला जातो आणि जुना शेरा तिथे पडून असतो. ‘आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. माझ्या नोंदीनुसार डेटाबेसविषयी प्रश्न झाला नव्हता, कदाचित नोंदींची अदलाबदल झाली असावी. टीमविषयीच्या माझ्या कोणत्या उत्तरावरून अनुभव कमी वाटला, हे कळल्यास उपयोग होईल.’ एवढे पुरे. विचारणा विशिष्ट उत्तराविषयीच करावी. ‘मला का नाकारले’ असे विचारले, की पुन्हा भाष्यकारच उत्तर देतो. विशिष्ट उत्तराविषयी विचारले, की समोरच्याला आपल्या नोंदी उघडाव्या लागतात. त्या नोंदीत काही सापडले तर तयारीला नवा मुद्दा मिळतो. काहीच सापडले नाही, किंवा उत्तरच आले नाही, तर त्या अभिप्रायावरून स्वतःविषयी कोणताही निष्कर्ष काढायला आधार उरत नाही आणि तो बाजूला ठेवणे शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच असते.