मखरातली ‘कापडी’ फुलं कापडाची नसतात

2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्मोकोलबंदी आली आणि गणपतीच्या मखरातून थर्मोकोल बऱ्यापैकी हटलं. त्या जागी आली ‘कापडी’ फुलं. दुकानदार सांगतो, ‘कापड आहे हो, इकोफ्रेंडली!’ आपणही खूश.

एकदा पाकळीचा धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, मागे मऊ राख उरते. या फुलांचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. म्हणजे पॉलिस्टर, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचं सख्खं भावंड. देठ आणि परागही बहुतेक प्लास्टिकचेच. पडद्यांना वापरतात ते ‘नॉनवोव्हन’ म्हणजे न विणलेलं कापड पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं, आणि मखराची रंगीत फोमशीटही प्लास्टिकच.

घरात आधीच असतील तर फेकू नका, दहा वर्षं वापरा. पण नवीन घेताना झेंडू-शेवंती, आंब्याचे डहाळे, बांबूच्या कामट्या बघा. आमच्याकडे आजीची जुनी नऊवारी मागे सोडतो. जरीकाठापुढे बाप्पा असा काही खुलतो की विकतच्या मखराकडे बघवत नाही.