कुलूप की भाडेकरू? नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन अडतं तेव्हा

भाचीने इंजिनिअरिंगसाठी विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेतला, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि त्यात उबुंटू हे लिनक्स सुरू केलं. जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवर बरं चालणारं उबुंटू इथे रखडायला लागलं. मित्रांचा सल्ला एकच : बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू कर. ती तीनदा जाऊन आली. ते आधीपासून चालूच होतं.

हा गोंधळ फार जणांचा होतो, कारण दोन वेगळी दुखणी एकाच नावाने ओळखली जातात.

व्हर्च्युअल मशीनसाठी प्रोसेसरमध्येच एक खास सोय असते. इंटेलने ती २००५ मध्ये व्हीटी-एक्स या नावाने आणली, एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही म्हणून. ही सोय म्हणजे घरातली एक खोली समजा. बायोसमध्ये ती बंद असेल, तर खोलीला कुलूप आहे. पण कधी कुलूप उघडं असतं आणि आत भाडेकरू राहत असतो. हा भाडेकरू म्हणजे हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची स्वतःची यंत्रणा. तो विंडोजच्याही आधी जागा होतो, खोलीचा ताबा घेतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फतच काम करावं लागतं.

कुलूप ओळखणं सोपं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. तिथे व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ दिसेल. व्हर्च्युअलबॉक्सचा संदेशही बायोसचं नाव घेऊनच येतो. उपाय बायोसमध्येच : इंटेलवर व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडीवर एसव्हीएम मोड. त्याआधी बिटलॉकरची (डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की कुठे आहे ते मात्र नक्की बघून ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ऐनवेळी शोधाशोध होते.

भाडेकरू जास्त फसवा. टास्क मॅनेजर ‘एनेबल्ड’ म्हणतो, मशीन सुरूही होतं, फक्त हळू चालतं. व्हर्च्युअलबॉक्स ६.० च्या आधी अशा वेळी ते सुरूच होत नसे. आता हायपर-व्हीच्या आधाराने चालतं, म्हणून चूक दिसतच नाही. खूण एक आहे : व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे छोटं हिरवं कासव. भाचीच्या पडद्यावर ते होतं, पण कुणी त्याचा अर्थ सांगितला नव्हता. खात्रीसाठी ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून अगदी तळाशी जा. हायपरवायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा थर, सापडल्याची ओळ तिथे असेल तर भाडेकरू घरात आहे.

‘माझं विंडोज होम आहे, त्यात हायपर-व्ही नसतो’ असं बरेच जण म्हणतात. होममध्ये हायपर-व्ही मॅनेजर मिळत नाही हे खरं, पण त्याच्या मुळाशी असलेला हायपरवायजर असतोच. डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, टाकलं की तो येतो. नव्या लॅपटॉपवर तर बहुधा काहीच न टाकता येतो, कारण विंडोज सिक्युरिटीतल्या ‘कोअर आयसोलेशन’खालचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ आधीच चालू असतं, आणि तेही याच हायपरवायजरवर उभं असतं.

भाडेकरूला काढायचं तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायजर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढा, मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि मशीन रीस्टार्ट करा. यानंतर डब्ल्यूएसएल २ चालणार नाही. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची भिंत आहे. घातक ड्रायव्हरला विंडोजच्या गाभ्यात शिरू देत नाही. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर थोड्या वेगासाठी ती पाडणं मला पटत नाही.

भाचीला उबुंटू हवं होतं ते सी प्रोग्रॅमिंग आणि टर्मिनलच्या सरावापुरतं. तिने व्हर्च्युअलबॉक्स काढून डब्ल्यूएसएल २ वर तेच उबुंटू घेतलं. भाडेकरू तिथेच राहिला आणि उबुंटू आता त्याच्याच घरात पळतं.