‘मॅट्रिक्स’चा शेवट: मायावाद, चिद्विलास आणि बडोदे

बडोद्यातल्या मराठी घरांत ‘मॅट्रिक्स’ या हॉलिवूडच्या सिनेमालिकेचा विषय निघाला की पहिल्या भागाचं तोंडभर कौतुक होतं आणि तिसऱ्याच्या शेवटाला नाकं मुरडली जातात. मॅट्रिक्स म्हणजे यंत्रांनी माणसांना गुंगवून ठेवायला रचलेलं संगणकी आभासी जग; नायक निओ आणि त्याची सोबतीण ट्रिनिटी त्याविरुद्ध लढतात. एवढी लढाई झाली, निओ गेला, ट्रिनिटी गेली, आणि मॅट्रिक्स जागच्या जागी! मग मिळवलं काय? ही तक्रार कुठून येते ते कळायला या मालिकेमागचे विचार पाहावे लागतात. त्यातला एक धागा तर आपल्याच गावातून जातो.

१९९९ च्या पहिल्या भागाची पाश्चात्त्य वंशावळ बहुतेकांना ठाऊक आहे. प्लेटोच्या गुहेतले कैदी सावल्यांनाच जग समजतात. १६४१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने शंका काढली, की एखादी कपटी शक्ती मला अखंड फसवत असेल तर? १९८१ मध्ये फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियारचं अनुकरणाच्या जगावरचं पुस्तक आलं. सिनेमात निओ याच पुस्तकाच्या पोकळ प्रतीत आपला चोरटा माल लपवतो. बोद्रियारला मात्र सिनेमा पटला नाही. नकलेमागे आता अस्सल काही उरलेलंच नाही, हे त्याचं म्हणणं. सिनेमा तर बाहेर एक खरं जग शिल्लक ठेवतो.

आत खोटं, बाहेर खरं. ही मांडणी आपण लगेच मायावादाला, म्हणजे जग हा भ्रम आहे या शंकराचार्यांच्या मताला, नेऊन जोडतो. ज्ञान झालं की भ्रम फिटलाच पाहिजे, म्हणून मॅट्रिक्स कोसळायलाच हवं, अशी आपली अपेक्षा तयार होते.

बाहेरचं जग खरोखर आहे का, हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. इथल्याच गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत १९२६ साली बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ छापून निघाला. त्यातलं ‘बहिरर्थपरीक्षा’ हे प्रकरण बाह्य वस्तूंचं अस्तित्वच नाकारतं. सिनेमात चमचा वाकवणारा मुलगा निओला चमचा नाहीच म्हणून सांगतो, तेव्हा तो याच घराण्यातलं बोलत असतो.

त्याही आधीची गोष्ट अरविंद घोष यांची. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं ते बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. डिसेंबर १९०७ मधल्या सुरत काँग्रेसनंतर ते पुन्हा इथे आले, आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर वाड्यातल्या एका खोलीत बसले. लेल्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं: विचार करू नका, नुसतं पाहा, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधीच त्यांना परतवून लावा. तीन दिवसांत मन निःशब्द झालं. पुढे अरविंदांनी लिहिलं, की त्या अवस्थेत सारं जग त्यांना चलच्चित्रासारखं, पोकळ आकारांचा खेळ असं दिसलं. सिनेमा नुकता रांगत होता तेव्हाची ही उपमा आहे! पण माझ्या लेखी याहून महत्त्वाचं आहे ते पुढचं. अरविंद तिथे थांबले नाहीत. भ्रम हा केवळ वरवरचा थर आहे, त्यामागे आणि त्यातही दिव्य सत्यच आहे, या अनुभवापर्यंत ते गेले आणि जन्मभर मायावादाशी वाद घालत राहिले.

मालिकेची वाटचालही अशीच आहे, असं मला ठामपणे वाटतं. २००३ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने आलेले पुढचे दोन भाग पहिल्याच्या मांडणीला धक्का देतात. दुसऱ्यात मॅट्रिक्सचा रचनाकार आर्किटेक्ट सांगतो, की निओला ज्या ‘तारणहारा’चं रूप मानलं जातं तो तारणहार हीसुद्धा यंत्रणेचीच योजना, आणि निओ हा असा सहावा. म्हणजे बंडही आतलंच. तिसऱ्यात रेल्वे स्टेशनवर रामकंद्र आणि कमला हे जोडपं भेटतं; ती माणसं नव्हेत, यंत्रणेतले प्रोग्रॅम आहेत. त्यांची मुलगी सती. तिला कोणतंही नेमून दिलेलं काम नाही, आणि कामाशिवायचा प्रोग्रॅम पुसून टाकायचा हा तिथला कायदा. आईबाप तिला वाचवायला धडपडताहेत. कर्माविषयी आणि प्रेमाविषयी सर्वांत शहाणं बोलतो तो हा यंत्रातला बाप. खरं-खोटं, माणूस-यंत्र ही भिंत इथेच ढासळते.

म्हणून निओ यंत्रांना हरवत नाही, तह करतो. यंत्रांच्याही हाताबाहेर गेलेल्या स्मिथ या प्रोग्रॅमला प्रतिकार करणं सोडून त्याला स्वतःला गिळू देतो. ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना सोडण्याचं वचन भविष्य सांगणारी ओरॅकल आर्किटेक्टकडून घेते. मग सूर्योदय होतो, आणि तो घडवलाय त्याच बिनकामाच्या सतीने, निओसाठी. श्रेयनामावली सुरू होते तेव्हा कानावर ‘असतो मा सद्गमय’ येतं.

मराठी वाचकाला इथे शंकराचार्यांपेक्षा ज्ञानेश्वर जवळचे वाटायला हवेत. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचंच खंडन करतात: अज्ञानच नाही, तर त्याने जग निर्माण केलं हे कसं म्हणायचं? जग म्हणजे चैतन्याचा विलास, चिद्विलास. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनं उणं होत नाही. आणि विलासाला हेतू लागत नाही. सतीचा सूर्योदयही कशाच्या उपयोगाचा नाही, आणि म्हणूनच तो त्या जगातला पहिला मोकळा सूर्योदय आहे.

२०२१ च्या चौथ्या भागात दिग्दर्शिका लाना वाचोव्स्कीने हेच सूत्र पुढे नेलं. मोठी झालेली सती, म्हणजे प्रियंका चोप्रा, यंत्रांनी पुन्हा जिवंत केलेल्या निओच्या मदतीला आता येते. नव्या शहरात माणसं आणि काही यंत्रं एकत्र राहतात. शेवटी निओ आणि ट्रिनिटी मॅट्रिक्समध्येच परततात, ते पाडायला नव्हे, त्याचं आकाश नव्याने रंगवायला.