हे चर्च रोमनेस्क की गॉथिक? फ्रान्सच्या सहलीला निघण्यापूर्वी वाचा

आमच्या नऊ दिवसांच्या सहलीत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न जेवणाचा नाही, तो दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला प्रश्न बसमधून उतरता उतरताच येतो, “हे रोमनेस्क की गॉथिक?” म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या बांधकामाच्या दोन शैलींपैकी आधीची की नंतरची. आम्ही तोंड उघडायच्या आत निम्मा ग्रुप दारावरची कमान बघून स्वतःच उत्तर देऊन टाकतो. गोल असेल तर रोमनेस्क, टोकदार असेल तर गॉथिक. निकाल लागला, फोटो झाले, कॉफीला चला.

या घाईपायी सगळ्यांचाच वेळ जातो. गेल्या वर्षी शार्त्र गावच्या कॅथेड्रलला, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चला, चौघांनी असाच दारातच निकाल लावला आणि ते समोरच्या कॅफेत जाऊन बसले. दोन तासांनी बाकीची मंडळी बाहेर आली आणि आतल्या निळ्या काचांविषयी बोलायला लागली, तेव्हा चौघे म्हणाले, “पाचच मिनिटं आत जाऊन येतो.” त्या पाचाची चाळीस झाली. तिकडे बसच्या ड्रायव्हरचे तास कायद्याने बांधलेले असतात. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाकाठी एरवी नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. गेलेला वेळ शेवटी कुणाच्या तरी पाहण्यातून कापला जातो. म्हणून हे पत्रक.

कमानीवरून निकाल लावू नका. टोकदार कमान आपल्याला काही नवी नाही, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यालाही ती आहे. त्याला कुणी गॉथिक म्हणत नाही. फ्रान्सच्या बर्गंडी भागात ओतँ आणि फोंतने इथल्या वास्तूंत आत भरपूर टोकदार कमानी आहेत, तरी त्या पक्क्या रोमनेस्क. मग बघायचं काय? छत बघा, आणि त्या छताचा भार कुठून खाली उतरतो ते बघा.

मी मुळात बांधकामातला माणूस, सहलींच्या धंद्यात नंतर आलो. त्यामुळे थोडं सेंटरिंगवाल्याच्या भाषेत सांगतो. दोन पत्ते एकमेकांना टेकवून टेबलावर उभे करा. टेबल गुळगुळीत असेल तर पत्त्यांचे पाय बाहेर सरकतात आणि सगळं आडवं होतं. दगडी कमानीचंही तेच. तिचा भार नुसता खाली येत नाही, बाहेरही ढकलतो. आता कमानीमागे कमान लावत सबंध छत केलं, म्हणजे अर्ध्या पिंपासारखं लांबलचक, तर ते दोन्ही भिंतींना सगळ्या लांबीभर ढकलत राहतं. उपाय एकच, भिंत जाड करा आणि तिला भोकं कमी पाडा. साधारण इसवी सन १००० नंतरची दीडशे वर्षं युरोपात बहुतेक ठिकाणी हेच चाललं. जाड भिंती, लहान खिडक्या, आत गारवा आणि अंधार. हे रोमनेस्क. हा शब्द त्या बांधणाऱ्यांचा नव्हे, तो एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी लावला. ‘गॉथिक’ तर त्याआधी इटलीत शिवी म्हणून वापरात आला, गॉथ टोळ्यांसारखं रानटी अशा अर्थाने.

इथे आपल्या लोकांना एक गोष्ट पटकन समजते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, म्हणजे ऐन रोमनेस्कच्या काळातलं. पण तिथे खरी कमान नाहीच. दगडाचा प्रत्येक थर थोडा थोडा पुढे सरकवत घुमट मिटवला आहे आणि भार जवळपास सरळ खाली खांबांवर येतो. कोरीवकामात आपण त्यांना हार जात नाही. फक्त छत बाहेर ढकलतं म्हणून रडण्याची वेळ आपल्या पाथरवटांवर आली नाही, आणि त्या रडण्यातूनच तिकडे पुढची शैली निघाली.

ती कशी निघाली हे बघायला वेझलेसारखी जागा नाही. पॅरिसच्या आग्नेयेला सव्वादोनशे किलोमीटरवर एका टेकडीच्या माथ्यावर हे मठाचं चर्च आहे. मधलं लांब दालन, ज्याला नेव्ह म्हणतात, साधारण ११२० ते ११४० मधलं. आडव्या गोल कमानींत फिकट आणि गडद दगड आलटून पालटून बसवलेत. दालनाच्या मध्यावर उभे राहून वर बघा, काही कमानी चक्क दबून चपट्या झालेल्या दिसतील. भिंती बाहेर कलल्या आणि कमानी बसल्या. १८४० मध्ये व्हियोले-ल-द्यूक नावाचा २६ वर्षांचा वास्तुरचनाकार दुरुस्तीला आला नसता तर आज बघायला काय उरलं असतं सांगता येत नाही. आता तसेच वेदीच्या दिशेने चालत राहा. दालन संपतं आणि एकदम उजेड. खांब बारीक, खिडक्या मोठ्या, दगड पांढरा. वेदीभोवतीचा हा भाग बाराव्या शतकाच्या शेवटचा, गॉथिक. दहा पावलांत शैली बदलते. बाहेरून एक चर्च, आत दोन. दारात निकाल लावणाऱ्याने यातलं कुठलं सांगायचं?

जूनमध्ये २१ तारखेच्या आसपास, तिकडच्या घड्याळात पावणेदोनच्या सुमाराला, वरच्या खिडक्यांतून आलेले उन्हाचे कवडसे नेव्हच्या जमिनीवर बरोबर मध्यरेषेत ओळीने पडतात. आमची जूनची तुकडी त्या हिशोबानेच ठेवली आहे, आणि ती लवकर भरते. आकाश ढगाळ निघालं तर मात्र आमचा इलाज नाही.

गॉथिकची युक्ती अशी. छताच्या प्रत्येक चौकोनात कर्णांवर दगडी बरगड्या उभ्या केल्या की भार सगळ्या भिंतीवर न पसरता चार कोपऱ्यांत येतो. टोकदार कमानीचा खरा उपयोग इथे आहे. रुंदी वेगवेगळी असली तरी उंची सारखी साधता येते आणि बाहेरचा रेटाही थोडा कमी होतो. उरलेल्या रेट्याला बाहेरून अधांतरी टेकू, म्हणजे फ्लाइंग बट्रेस. भिंतीला काम उरलं नाही, तिथे काच बसली. यातली एकेक गोष्ट सुटी सुटी आधीपासून होती. इंग्लंडमधल्या डरहॅमला १०९३ मध्ये काम सुरू झालं, तिथे बरगड्याही आहेत आणि टोकदार कमानीही. पण पॅरिसच्या वेशीवरच्या सँ-दनी मठात महंत सुजेर यांनी वेदीचा भाग नव्याने बांधून घेतला, ११ जून ११४४ ला त्याचं अभिषेकपूर्वक उद्घाटन झालं, आणि तिथे बरगड्या, टोकदार कमानी आणि काचेच्या भिंती पहिल्यांदा अशा एकत्र नांदल्या. आमची सहल म्हणूनच तिथून सुरू होते. “पहिल्याच दिवशी मेट्रोने उपनगरात कशाला?” याचं उत्तर हेच.

पुढे उंचीची चढाओढ लागली. आमियांचं कॅथेड्रल १२२० मध्ये सुरू झालं, छत ४२ मीटरवर. शेजारच्या बोव्हेने ४८ मीटरचा घाट घातला. १२७२ मध्ये वेदीचा भाग पुरा झाला आणि १२८४ मध्ये छत कोसळलं. पुन्हा बांधताना मधे जास्तीचे खांब घातले. तरी हौस फिटली नाही म्हणून पुढे १५३ मीटरचा मनोरा चढवला, तो १५७३ मध्ये पडला, मिरवणूक नुकतीच बाहेर पडली होती म्हणून बरं. नेव्ह आजतागायत झालेलंच नाही. आत लाकडी टेकू लावलेले दिसतात. बोव्हे वगळा आणि त्याऐवजी एखादं मोठं मॉल ठेवा, अशी सूचना दर वर्षी येते. ती आम्ही आदराने ऐकतो.

आता शार्त्र. समोरचे दोन मनोरे जोडीचे नाहीत, यावर दर तुकडीत अर्धा तास वाद होतो. दक्षिणेचा साधा, १०५ मीटरचा, बाराव्या शतकातला. उत्तरेचा शेंडा १५०७ ते १५१३ मधला, ज्वालांसारख्या नक्षीचा, ११३ मीटर. ११९४ च्या आगीत मागचं चर्च गेलं, पश्चिमेचा दर्शनी भाग वाचला. त्यामुळे दारातून आत शिरताना तुम्ही जुन्या दारातून नव्या घरात जाता. खिडक्यांच्या काचांवर चित्रं आहेत, ती खालून वर वाचायची असतात आणि सगळ्यात खालचा कप्पा चुकवायचा नाही. तिथे देवादिकांच्या पायाशी जोडे शिवणारे चांभार आहेत, पाववाले आहेत, फर विकणारे व्यापारी आहेत. नुसत्या डोळ्यांना हे नीट दिसत नाही. आम्ही चार दुर्बिणी नेतो, घरी असेल तर तुमचीही आणा. जमिनीवरच्या चक्रव्यूहावर एरवी खुर्च्या मांडलेल्या असतात. हंगामात शुक्रवारी त्या उचलतात, म्हणून शार्त्र शुक्रवारी. वार बदलून मागू नका.

एका दिवसात एकच मोठं चर्च आणि त्याला तीन तास, यावर “इतर कंपन्या दिवसाला तीन दाखवतात” असं ऐकावं लागतं. दाखवत असतील. आमचा क्रम ठरलेला आहे. आधी बाहेरून पूर्ण फेरी, विशेषतः मागची बाजू, कारण टेकू तिथे दिसतात. मग आत, आधी छत, मग भिंतीची जाडी, कमान सगळ्यात शेवटी. याला वेळ लागतो.

पुन्हा पुन्हा येणारे बाकीचे प्रश्न. गोव्याचं बॉम जेझू १६०५ चं, ते बरोक, म्हणजे गॉथिकच्या बरंच नंतरच्या शैलीतलं, मध्ययुग तोवर संपलं होतं. मात्र जुन्या गोव्यातच असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चचं १५२१ चं प्रवेशद्वार पोर्तुगीज मान्युएलिन घाटाचं आहे, म्हणजे गॉथिकचं शेवटचं शेपूट. मुंबईचं सीएसएमटी एकोणिसाव्या शतकातलं, जुन्या गॉथिकची हौसेने केलेली आठवण. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ पासून पुन्हा उघडलं आहे, प्रवेशाला पैसे नाहीत, आणि गच्चीवरचे ते प्रसिद्ध राक्षस मध्ययुगातले नसून व्हियोले-ल-द्यूकच्याच काळातले. चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात, पुरुषांनी टोपी काढायची. प्रार्थना चालू असेल तर फिरायचं नाही, मागे बसून घ्या, तेवढ्यात छत बघून होतं.

नोंदणी केलेल्यांसाठी निघण्याआधीच्या एका रविवारी सकाळी अंबरनाथच्या देवळात दोन तासांची फेरी असते, वेगळे पैसे नाहीत. तारीख व्हॉट्सॲपवर कळवू. दुर्बीण असेल तर तिथेही आणा. चपला मात्र तिथे काढाव्या लागतील.