फ्रॉम-इम्पोर्टने मेमरी वाचते? छे!

पायथन शिकवणारे बरेच जण अजूनही सांगतात की 'फ्रॉम रँडम इम्पोर्ट चॉइस' लिहा, म्हणजे 'रँडम' या मॉड्यूलमधलं (तयार कोडच्या फाईलमधलं) 'चॉइस' तेवढंच फंक्शन लोड होतं आणि मेमरी वाचते. असं काही होत नाही! कसंही लिहा, पायथन त्या मॉड्यूलची अख्खी फाईल वरपासून खालपर्यंत चालवतो आणि मॉड्यूल सिस डॉट मॉड्यूल्समध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या नोंदीत, ठेवून देतो, पुढच्या वेळी तिथूनच उचलतो. पटत नसेल तर स्वतःच्या एखाद्या फाईलच्या शेवटी प्रिंट टाका आणि दुसरीकडून तिच्यातलं एकच फंक्शन मागवा, प्रिंट येतंच की नाही बघा. फरक फक्त नावाचा, तुमच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे तुमच्या कोडला माहीत असलेल्या नावांत, 'रँडम' येतं की नुसतं 'चॉइस'. स्टार लावून ('फ्रॉम ओएस इम्पोर्ट *' असं) सगळं ओढणं मात्र टाळा, ओएस मॉड्यूलचं ओपन येऊन फाईल उघडायचं नेहमीचं ओपन झाकून टाकतं, मग बसा एरर शोधत.