धावपट्टीवरची जग्वार

१३ जून १९५४, रविवार. न्यू जर्सीतल्या लिंडेन विमानतळाच्या धावपट्ट्या त्या दिवशी मोटारींना दिल्या होत्या. महायुद्धात जनरल मोटर्सने बांधलेली वाइल्डकॅट लढाऊ विमानं इथूनच उडायची. आता त्याच काँक्रीटवर नॅसकारची शर्यत होती: दोन मैलांचा वेडावाकडा मार्ग, ५० फेऱ्या. जिंकली कोण? अमेरिकन ओल्डस्मोबिल नाही, अमेरिकन हडसनही नाही. जिंकली जग्वार एक्सके १२०, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनलेली दोन माणसांची देखणी कूपे. चालक अल केलर, आणि गाडीचा मालक होता चक्क ‘जाझचा राजा’ म्हणून गाजलेला बँडवाला पॉल व्हाइटमन!

नॅसकार म्हणजे ‘स्टॉक कार’ शर्यती. स्टॉक म्हणजे शोरूममध्ये मिळते ती गाडी, निदान तेव्हा तरी. त्या बहुतेक व्हायच्या लंबगोल मातीच्या ट्रॅकवर. तिथे सतत डावीकडेच वळायचं. गाडीचं वजन, स्प्रिंगा, टायर सगळं त्या एकाच वळणाच्या हिशेबाने जमवता येतं, आणि अजस्र अमेरिकन सेडान हे काम झकास करायच्या. लिंडेनला मात्र उजवीकडेही वळायचं होतं आणि धावपट्टीवर वेग घेऊन टोकाला जोरात ब्रेक मारायचा होता. नॅसकारच्या मुख्य मालिकेतली अशा रोड कोर्सवरची ही पहिलीच शर्यत. माझ्या मते निकाल निम्मा इथेच लागला होता.

ब्रेकचं काम गतिज ऊर्जेची उष्णता करणं. जग्वारचं वजन सुमारे १,३०० किलो, हडसन हॉर्नेटचं १,६०० च्या वर. समजा दोघी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आल्या. जग्वारच्या ब्रेकमध्ये तेवढ्यात जी उष्णता निघते, तिच्यावर घरातलं तीन लिटर पाणी उकळीला येईल. हॉर्नेटच्या उष्णतेवर पावणेचार लिटर. एका वळणापुरता हा फरक किरकोळ वाटतो, पण तो ५० फेऱ्यांत, फेरीतल्या प्रत्येक मोठ्या वळणावर भरावा लागतो. तेव्हा ड्रम ब्रेक असायचे. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून दाबणाऱ्या अस्तराची पकड सुटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. घाट उतरताना नाकाला झोंबणारा तो जळका वास आठवा. अर्थात जग्वारचे ब्रेकही काही कौतुक करावं असे नव्हते, तापण्याबद्दल तेही बदनामच होते. तिला फक्त ओझं कमी होतं.

टायरचाही एक हट्ट आहे. त्याच्यावर दुप्पट भार टाकला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. वळणात भार बाहेरच्या चाकांवर कलंडतो, म्हणून जड गाडी वजनाच्या मानाने पकड गमावते. हडसनवाल्यांनी यावर छान तोड काढली होती. त्यांनी गाडीची बैठकच चौकटीच्या आत खाली उतरवली, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली आला. म्हणूनच लंबगोल ट्रॅकवर हॉर्नेटची दहशत होती. लिंडेनलाही जो यूबँक्सची हडसन दुसरी आली, हे विसरू नये.

मला मात्र सगळ्यात आवडतं ते जग्वारचं इंजिन. युद्धकाळात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत असताना कारखान्यात रात्री आगीचा पहारा द्यायचा असे. पहाऱ्यावरच्या अभियंत्यांनी ते तास या इंजिनावर खल करण्यात घालवले. सिलिंडरच्या वरची पोकळी नारळाच्या करवंटीसारखी अर्धगोल ठेवली. करवंटीच्या दोन उतारांवर दोन मोठे व्हॉल्व्ह, आणि ते उघडायला वर दोन कॅमशाफ्ट. हवा एका अंगाने आत, धूर दुसऱ्या अंगाने बाहेर. हॉर्नेटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. तिथे हवेला वर चढून, वळून, मग सिलिंडरमध्ये उतरावं लागे. त्यामुळे जग्वार ३.४ लिटरमधून १६० अश्वशक्ती काढायची, तर हॉर्नेटला शोरूममधून निघताना साधारण तेवढ्याच ताकदीसाठी ५ लिटर लागायचे.

शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटलेला बक बेकर ओल्डस्मोबिलमधून आघाडीवर होता. २३व्या फेरीपासून केलर पुढे गेला तो शेवटपर्यंत पुढेच राहिला, सरासरी वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर. चौथी, पाचवी आणि सहावी आलीही जग्वारच.

नॅसकारच्या मुख्य मालिकेत परदेशी नावाची पुढची गाडी जिंकायला मार्च २००८ उजाडला. अटलांटाला काइल बुशने टोयोटा कॅमरी जिंकवली. तोवर ‘स्टॉक’ हा शब्द नावापुरताच उरला होता. शोरूममधल्या कॅमरीला इंजिन पुढची चाकं फिरवतं. त्या शर्यतीतल्या कॅमरीला होता पोलादी नळ्यांचा सांगाडा, मागची चाकं फिरवणारं व्ही-८ आणि त्यावर कार्ब्युरेटर. कॅमशाफ्ट एकच, आणि तोही वर नाही, जुन्या अमेरिकन पद्धतीने खाली ब्लॉकमध्ये.